मेंदूची नावं आणि भायखळ्यातला चित्रकार

ग्रेज अ‍ॅनॅटॉमी हे नाव ऐकलं नाही असा डॉक्टर मुंबईत सापडायचा नाही. पुस्तक पुरतं वाचलेलं नसेल, पण त्याचा वजनदार ठोकळा कपाटात कुठेतरी असतोच. त्या पुस्तकातली चित्रं ज्याने काढली तो माणूस पुढे पाच वर्षं भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजात, मुंबईच्या मुलांना शरीररचना शिकवत होता, हे मात्र मी ज्या ज्या डॉक्टरांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांना नवं होतं. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे त्याचं नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इतिहासात तो प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य म्हणून येतो. तापाच्या आणि महारोगाच्या इतिहासात संशोधक म्हणून येतो. मी त्याच्यापर्यंत पोचलो ते वेगळ्याच वाटेने. माणसाच्या मेंदूचे भाग ओळखायला शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि आपल्या शहरात ते कोण, कसं शिकलं, याचा माग मी काही वर्षं काढतो आहे. मी डॉक्टर नाही. कदाचित म्हणूनच हा प्रश्न मला पडला असावा. डॉक्टरांना तो पडायच्या आत परीक्षा येते.

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. काळीज, मूत्रपिंड, आतडं यांना आपापला आकार असतो. एकदा पाहिलं की पुन्हा ओळखता येतं. खाटकाच्या दुकानात उभं राहणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. मेंदूचं तसं नाही. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा एक गोळा, वर अक्रोडासारख्या वळ्या, आणि आत कापावं तर करडं आणि पांढरं एवढे दोनच रंग. एक भाग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे डोळ्यांना आपोआप दिसत नाही. ज्याला नाव माहीत आहे त्याला हद्द दिसते. ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे नुसता गोळा असतो. जे. जे.पासून चार पावलांवर भेंडीबाजारात तव्यावर भेजा परतला जातो. पिढ्यान् पिढ्या परतणाऱ्या खानसाम्याला त्याचा पोत नेमका ठाऊक असतो, पण त्यातला एकही भाग वेगळा काढून दाखवायची त्याला गरज पडत नाही.

म्हणून मेंदूच्या बाबतीत नाव आणि वस्तू यांची गाठ कशी घातली जाते, याला फार महत्त्व आहे. कार्टरच्या आधीच्या पुष्कळशा शारीरग्रंथांत चित्रावर बारीक अक्षरं किंवा आकडे असत, आणि त्यांचा खुलासा खाली तळटिपेत किंवा पलीकडच्या पानावर. विद्यार्थ्याने चित्रात 'क' पाहायचा, खाली जाऊन 'क' म्हणजे काय ते वाचायचं, परत वर यायचं, तोवर 'क' कुठे होता ते विसरलेलं. 1858 साली निघालेल्या ग्रेच्या पुस्तकात हा हेलपाटा मोठ्या प्रमाणावर वाचला. स्नायूचं नाव स्नायूच्या लांबीवरून धावतं, शिरेचं नाव शिरेच्या वळणाबरोबर वळतं, मेंदूच्या भागाचं नाव त्या भागावर किंवा अगदी लगत बसतं. नजर चित्रावरून हलतच नाही. नकाशात नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहितात, तसंच हे. आज हे इतकं साधं वाटतं की ते कुणाला तरी ठरवावं लागलं असेल असं मनातही येत नाही.

हे काम झालं लंडनमध्ये. हेन्री ग्रे आणि कार्टर दोघेही सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे. ग्रे वयाने थोडा मोठा, हुशार, महत्त्वाकांक्षी. कार्टर चित्रकाराचा मुलगा, भिडस्त, देवभोळा, सतत स्वतःला तपासत बसणारा. 1856-57 मध्ये जवळपास दीड वर्ष दोघांनी मिळून किनर्टन स्ट्रीटवरच्या विच्छेदनगृहात प्रेतं कापली. कार्टरने चित्रं काढली, पुढे ती लाकडी ठोकळ्यांवर कोरली गेली. ठोकळ्यावरचं चित्र छापताना उलटं होतं, त्यामुळे काढतानाच ते आरशातल्यासारखं काढावं लागे. डावा मेंदू उजवीकडे. पहिल्या आवृत्तीत अशी 363 चित्रं आहेत. सगळीच समोरच्या प्रेतावरून काढलेली नाहीत. मज्जासंस्थेच्या प्रकरणात काही चित्रं आधीच्या युरोपीय ग्रंथांवरून घेतली आहेत आणि पुस्तकात तसं सांगितलंही आहे. मेंदूच्या आतली रचना नीट उघडी करून दाखवणं तेव्हा किती अवघड होतं, हे यावरूनही कळतं.

ग्रेला दर हजार प्रतींमागे पैसे मिळायचे होते. कार्टरला एकदाच काय ते दीडशे पौंड. पुस्तक बाहेर पडायच्या आत कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईला निघालासुद्धा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांच्या प्राध्यापकपदावर तो आला. शीर्षकपानाचं प्रूफ ग्रेच्या हाती आलं तेव्हा त्याने कार्टरचं नाव लहान टाइपात घ्यायला सांगितलं आणि त्याचं नवं पदही खोडलं. छापील पानावर कार्टर दिसतो तो सेंट जॉर्जेसचा माजी निदर्शक म्हणून. मुंबईचा उल्लेख नाही. ज्याने प्रत्येक शिरेवर तिचं नाव लिहिलं त्याच्याच नावाची जागा अशी आक्रसली. इतिहासकार रूथ रिचर्डसन यांनी या पुस्तकाच्या जन्माची जी हकिकत लिहिली आहे तिच्यात हा सगळा तपशील येतो. तो वाचताना ग्रेबद्दलचं माझं मत फारसं चांगलं राहिलं नाही, हे कबूल करतो.

कार्टर आला ते कॉलेज नवं होतं. मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषेत शिकवण्याचा एक प्रयोग त्याआधी होऊन गेला होता: 1826 साली डॉ. मॅक्लेनन यांच्या हाताखाली निघालेली नेटिव्ह मेडिकल स्कूल. ती सहा वर्षांत बंद पडली. मग गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ 1845 मध्ये कॉलेज उभं राहिलं, शेजारी जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून हॉस्पिटल. शिक्षण इंग्रजीत. पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड. शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकवायला जॉन पीट. 1851 मध्ये पहिली आठ मुलं पास होऊन बाहेर पडली. त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि डॉ. आत्माराम पांडुरंग होते, ज्यांच्या पुढाकाराने पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाज निघाला. गिरगावात आज 'प्रार्थना समाज' हा बसचा थांबा आहे, भायखळ्याला भाऊ दाजींच्या नावाचं म्युझियम आहे. या दोघांनी तरुणपणी प्रेताची कवटी उघडून आत पाहिलं होतं हे आपल्या ध्यानात नसतं. प्रेताला शिवणं म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ, असा ज्या घरांचा रिवाज, त्या घरांतून ही मुलं आली होती. पुढे भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, नाणी वाचली. झिजलेल्या दगडावर अक्षर कुठे सुरू होतं ते ओळखणं आणि मेंदूत एका भागाची कड ओळखणं यांत काही नातं असावं असं मला वाटतं. पुराव्याने हे सिद्ध करता येणार नाही.

कार्टर आला तेव्हा ही पहिली पिढी शहरात डॉक्टरकी करत होती. त्याने कोणत्या परिस्थितीत शिकवलं असेल याची कल्पना मेंदूच्या स्वभावावरून येते. ताजा मेंदू खरवसासारखा असतो. बोट लावलं की खळगा पडतो. मृत्यूनंतर सर्वांत आधी विरघळू लागणाऱ्या अवयवांत त्याचा नंबर वरचा, आणि त्यात मुंबईचा उकाडा. आज मेंदू घट्ट करून टिकवायला फॉर्मालिन वापरतात. त्याचा हा उपयोग फर्डिनंड ब्लूम या जर्मन संशोधकाने 1893 मध्ये दाखवला. त्याआधी स्पिरिट, म्हणजे दारूचा अर्क. त्यात मेंदू आकसतो आणि त्याचा रंग उतरतो. म्हणजे कार्टरच्या विद्यार्थ्यांना ताजा मेंदू पाहायचा तर काही तासांत काय ते पाहून घ्यायचं, नाहीतर पुस्तकातलं चित्र पाहायचं. ते चित्र ज्याने काढलं तोच समोर उभा आहे, ही सोय त्या काळात जगात फक्त भायखळ्याला होती.

1863 मध्ये तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेला आणि मेंदूपासून दूर गेला. मदुरा फूट नावाचा पाय सडवणारा रोग बुरशीने होतो हे त्याने दाखवलं, त्याला मायसेटोमा हे नाव दिलं. दुष्काळाने दख्खनमधून मुंबईत लोटलेल्या लोकांच्या रक्तात त्याला 1877 मध्ये उलटून येणाऱ्या तापाचे मळसूत्री जंतू सापडले. गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलातही त्याने काम केलं. 1888 मध्ये निवृत्त होऊन तो विलायतेला परतला आणि 1897 मध्ये वारला. त्याची रोजनिशी आणि पत्रं लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत. भायखळा ज्याच्या पायाखालचं आहे अशा कुणीतरी ती त्या नजरेने वाचायला हवीत.

आता 1861 सालाकडे येतो, कारण त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये ग्रे देवीच्या रोगाने गेला, वय फक्त 34. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू तपासला. हा रुग्ण कित्येक वर्षं 'टॅन' एवढा एकच उच्चार करू शकत होता. ब्रोकांनी त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातली बिघडलेली जागा दाखवली आणि बोलण्याचा संबंध तिथे जोडला. त्या जागेला आज ब्रोकांचं नाव आहे. रुग्णाला वैद्यकाने बराच काळ 'टॅन' म्हणूनच ओळखलं. त्याचं लबोर्न्य हे नाव नंतर वर आलं. आणि मुंबईत त्याच वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. दवाखान्यांसाठी देशी भाषेत शिकलेली माणसं हवी होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी या मराठी वर्गाला शिकवत. पुढच्या पिढीत डॉ. सखाराम अर्जुन, ज्यांना आपण रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतो, त्यांनीही इथे शिकवलं आणि मराठीत वैद्यकावर लिहिलं. 1878 मध्ये पुण्याला बी. जे. मेडिकल स्कूल निघाली, तसं हे काम मुंबईबाहेर गेलं.

म्हणजे दोन दशकांच्या आसपास मुंबईत मराठीतून शरीर शिकवलं गेलं. ते टिकलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही, कारण मेंदूच्या भागांची लॅटिन-ग्रीक नावं उकलायला बसलो तेव्हा मी चकित झालो. ती नावं पंडिती नाहीतच. ती स्वयंपाकघरातली, अंगणातली, बाजारातली आहेत. ज्यांनी ती ठेवली त्यांनी मेंदू कापला, आत जे दिसलं ते कशासारखं आहे असं स्वतःला विचारलं, आणि सरळ तेच नाव दिलं. अमिग्डाला म्हणजे बदाम. लेंटिफॉर्म म्हणजे मसुराच्या डाळीच्या आकाराचं; त्याचे दोन भाग, एक प्युटामेन म्हणजे टरफल आणि दुसरा ग्लोबस पॅलिडस म्हणजे फिकट गोळा. फॉर्निक्स म्हणजे कमान. फाल्क्स म्हणजे विळा. मेंदूच्या दोन अर्धांमध्ये उभा असलेला पडदा खरोखर विळ्याच्या पात्यासारखा वाकडा आहे. त्याच्याशी काटकोनात पसरलेला टेंटोरियम म्हणजे तंबू. वर्मिस म्हणजे अळी. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. सोळाव्या शतकात अरांझी या इटालियन शारीरशास्त्र्याला तसं दिसलं. पॉन्स म्हणजे पूल. थॅलॅमस या ग्रीक शब्दाचा अर्थ घरातली आतली खोली, शेजघर. मेंदूच्या पोकळ्यांमधून पाणी नेणारी अरुंद वाट आहे तिला नाव अ‍ॅक्विडक्ट. तानसाचं पाणी ज्या नळाने मुंबईत येतं त्याच जातीचा शब्द. मेंदूवरच्या जाड आवरणाला ड्यूरा मेटर म्हणतात, म्हणजे कठीण आई. हा प्रकार अरबी वैद्यकातून बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेला. अरबीत नातं दाखवायला असे आई-बापाचे शब्द वापरायची रीत होती.

आणि इन्सुला. इन्सुला म्हणजे बेट. मेंदूच्या बाजूला खोल घडीत लपलेला हा भाग वरून दिसतच नाही. वरचे आणि खालचे ओठ बाजूला सारावे लागतात. पोटातल्या गर्भात तो आधी उघडा असतो, मग भोवतालचे भाग वाढतात आणि त्याला झाकून टाकतात. भोवतालच्या भरणीखाली झाकलं गेलेलं बेट ही कल्पना मुंबईकराला समजावून सांगावी लागू नये. माझगाव, परळ, वरळी ही कधीकाळी सुटी बेटं होती, हे आपण शाळेत शिकतो.

आता शाळेच्या मराठी पुस्तकातले शब्द घ्या: प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. चुकीचे नाहीत. घडवणाऱ्यांनी विचार करून घडवले आहेत. सुश्रुतात मेंदूच्या मगजाला मस्तुलुंग म्हटलं आहे, त्याच कुळातले ते वाटतात. पण त्यांनी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आमच्या आजीने 'लहान मेंदू' म्हटलं असतं तर कळलं असतं, अनुमस्तिष्क म्हटल्यावर नसतं कळलं. परदेशी विद्वानांनी घरगुती शब्द वापरले, आपण त्यांचं भाषांतर करताना ते देवळात नेऊन बसवले. आणि मेडिकल कॉलेजात तर भाषांतराचा प्रश्नच नाही, तिथे लॅटिन उच्चार जसाच्या तसा घोकायचा. पुटामेन, पुटामेन, पुटामेन. टरफल हा अर्थ कळला असता तर आकार ध्यानात ठेवायला वेगळी खटपट करावी लागली नसती. परिभाषा हवी, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो कार्टरने जे काम चित्रात केलं ते आपण भाषेत का केलं नाही याबद्दल.

हा वाद पुस्तकी वाटेल म्हणून एक घरचा प्रसंग सांगतो. लालबागला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. एमआरआयच्या रिपोर्टात डाव्या लेंटिफॉर्म न्यूक्लियसमध्ये इन्फार्क्ट असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी उपचार वेळेवर आणि नीट केले, पण रिपोर्ट हातात घेऊन बहीण मला विचारत होती, "दादा, हे कुठे म्हणजे?" मी तिला तळहातावर मसुराचा दाणा ठेवून दाखवला. म्हटलं, या आकाराचा एक भाग मेंदूच्या आत, बराच खोल, दोन्हीकडे असतो. हातापायांच्या हालचालींत त्याचा हात असतो आणि हातापायांकडे जाणाऱ्या तारा त्याच्या अगदी कडेने उतरतात. त्यातल्या डाव्याला रक्त मिळालं नाही, म्हणून उजवा हात उचलत नाही. तिने दाणा उलटसुलट करून पाहिला. "एवढ्याशानं?" म्हणाली. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला तिने नेमके प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजार तेवढाच राहिला, पण बहिणीच्या मनात त्याला आता एक जागा होती.

परळला जातो. ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा सरकारी सेवेतल्या गोऱ्या डॉक्टरांसाठी असत. कितीही हुशार असला तरी देशी डॉक्टर शिकवण्याच्या त्या पायरीवर पोचणं कठीण. त्यावर उत्तर म्हणून शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगीलाच अट घातली, की या कॉलेजात शिकवणारे सरकारी नोकरीत नसलेले, पात्रता असलेले भारतीयच असतील. त्यातून 1926 मध्ये जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. हॉस्पिटल उभं राहिलं, चहूबाजूंना गिरण्यांची धुराडी. मेंदूच्या भागांवर बोट ठेवून नावं सांगणारा हात आता इथल्याच माणसाचा होता. पुढे डॉ. मनू कोठारींसारखे शरीररचनेचे अध्यापक इथे झाले, ज्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या विषयांची मुलंही बसत असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात.

मेंदू शिकवतात कसा, हे मला मुंबईतल्या एका कॉलेजात परवानगीने पाहता आलं. कवटीभोवती करवतीने खाच पाडतात, मग छिन्नी-हातोडीने टोपी सुटी करतात. विळ्याचा पडदा पुढून कापून मागे ओढायचा, तंबू दोन्ही कडांनी सोडवायचा, मेंदू पुढून हळूच उचलत जायचा आणि खालून निघणाऱ्या नसा एकेक करून कापत मागे यायचं. बारा जोड्या, आणि शेवटी मणक्याच्या नळीत उतरणारा मज्जारज्जू. बाहेर काढलेला मेंदू भांड्याच्या तळाला ठेवला तर स्वतःच्या वजनाने चपटा होतो. म्हणून त्याच्या बुडाशी असलेल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवतात आणि फॉर्मालिनच्या बादलीत तो उलटा लटकत ठेवतात. काही आठवड्यांत तो पनीरसारखा घट्ट होतो. मग लांब पात्याच्या सुरीने एका ओढीत काप. सुरी मागेपुढे केली की कापावर रेघा उठतात आणि त्या मुलांना खऱ्या वाटतात.

एक काप ताटात ठेवून अध्यापकांनी मधल्या भागातला काळसर पट्टा दाखवला: सबस्टॅन्शिया नायग्रा, काळा पदार्थ. पार्किन्सनच्या रोगात हा पट्टा फिका पडतो. सगळ्या मेंदूत जिथे रंगानेच नाव सांगितलं आहे अशा थोड्या जागांपैकी ही एक. बाकी सगळीकडे बोट फिरवायचं, कडा शोधायची, नाव घ्यायचं, पुन्हा बोट फिरवायचं. परीक्षेत याला स्पॉटिंग म्हणतात. टेबलांवर काप मांडलेले, त्यांत टाचण्या खोचलेल्या, टाचणीवर क्रमांकाचा झेंडा. घंटा झाली की पुढच्या टेबलावर. दीडशे वर्षांपूर्वी कार्टरने आकडा काढून नाव ठेवलं होतं. परीक्षेत नाव काढून पुन्हा आकडा ठेवतात. शिकलात की नाही हे कळायचा दुसरा मार्ग बहुधा नाही.

ओळखण्याची एक वेगळीच रीत जे. जे.मध्ये घडली. डॉ. नोशिर वाडिया यांनी तिथे 1957 मध्ये मेंदूविकारांचा विभाग सुरू केला. तोल जाणं, बोलणं अडखळणं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या काही घराण्यांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली: या रुग्णांचे डोळे एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन वळत नव्हते, सावकाश सरकत होते. लहान मेंदूच्या ऱ्हासाचे वंशपरंपरागत रोग आधीपासून माहीत होते. त्यांच्यासोबत अशी मंद नजर म्हणजे बिघाड खाली, मेंदूच्या देठात आणि त्या 'पुला'तही आहे. वाडिया आणि स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास 1971 मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा वेगळा रोग म्हणून पुढे जगभर मान्य झाला. कवटी न उघडता, नुसत्या डोळ्यांच्या चालीवरून आतली जागा ओळखली गेली, आणि त्यासाठी आधी कुणीतरी कवट्या उघडून त्या जागांना नावं दिलेली असावी लागली. योगायोग असा की त्याच 1971 मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. अ‍ॅटकिन्सन मॉर्ली ही सेंट जॉर्जेसचीच शाखा. ग्रे आणि कार्टरचं हॉस्पिटल.

राहिला प्रश्न त्या प्रेतांचा. किनर्टन स्ट्रीटवर कार्टरने जी शरीरं चितारली ती प्रामुख्याने गरीबखान्यांत आणि हॉस्पिटलांत मेलेल्या, कुणी न्यायला न आलेल्या माणसांची होती. 1828 मध्ये एडिनबरोत बर्क आणि हेअर या जोडगोळीने सोळा माणसं मारून प्रेतं विच्छेदनासाठी विकली, त्यानंतर 1832 च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेतं शारीरशास्त्राला देण्याची सोय केली. आपल्याकडे मुंबई प्रांताचा बॉम्बे अ‍ॅनॅटॉमी अ‍ॅक्ट आला 1949 मध्ये. सरकारी हॉस्पिटलात मेलेला आणि नातेवाइकांनी न नेलेला माणूस. किंवा ज्याला त्या भागात कायमचं घर नाही आणि जो सार्वजनिक जागी मेला, तो. कायद्याच्या भाषेत 'कायमचं घर नाही' हे शब्द वाचताना मला गिरणगाव आठवलं. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले हजारो पुरुष, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. कायद्याच्या व्याख्येत बसायला अगदी जवळ. पण हा माणूस सहसा बेवारस जात नसे, कारण गावच्या मंडळाची खोली होती. लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांनी भाड्याने धरलेल्या खोल्या असत. कोणी गेला की वर्गणी निघे, खांदेकरी जमत, गावी तार जाई. गणपती आणि भजनाइतकंच हेही त्या मंडळांचं काम होतं. विच्छेदनाच्या टेबलावर पोचला तो ज्याला मंडळही नव्हतं तो: फुटपाथवरचा, स्टेशनातला, भाषा न कळणाऱ्या शहरात एकटा आलेला. मुंबईच्या किती पिढ्यांच्या डॉक्टरांनी मेंदू ओळखायला त्याच्याकडून शिकून घेतलं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता देहदान वाढलं आहे. गिरगाव-दादरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकांत त्याचे अर्ज भरले जातात, आणि मी अशा एक-दोन बैठकांना कार्टरची गोष्ट सांगायला गेलो आहे. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या दिवशी मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात. माहिती सांगणारे डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: घरच्यांनी लवकर कळवायचं, नातेवाईक यायची वाट पाहत दिवस घालवायचा नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही, कारण मेंदू सर्वांत आधी जातो. एका बैठकीत सत्तरीच्या एका बाईंनी विचारलं, "आमचं नाव लिहून ठेवतात का हो तिथे?" डॉक्टर म्हणाले, नाव ऑफिसातल्या रजिस्टरमध्ये असतं, टेबलावर क्रमांक. बाईंनी मान हलवली, पेन मागितलं आणि अर्जावर सही केली.